चौकटीवरचा राखणदार



आपल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी उभे राहा. रात्रपाळीला निघालेला बाप डबा घेऊन बाहेर पडतो, तो दुसऱ्याच्या सोसायटीचे फाटक राखायला. सकाळ उजाडली की आई निघते, ती दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करायला, नाहीतर इस्पितळात आयाच्या कामाला. लोकांची घरे राखण्यात आपल्या माणसांचे आयुष्य जाते. आणि आपल्या स्वतःच्या दारावर काय असते? वर्षानुवर्षांचा गंजका कोयंडा आणि त्यात अडकवलेले एक स्वस्तातले कुलूप!

"आपल्या घरात चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे आपण हसून म्हणतो. आहे, पुष्कळ आहे. भिशीचे पैसे आहेत, पोरीच्या लग्नासाठी जमवलेले चार मणी आहेत, मोबाईल आहे, गॅसचा सिलिंडर आहे. आणि ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी आहे. तीत जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड असे सगळे एकत्र असते. चोराला त्या कागदांचा काडीचाही उपयोग नसतो. तो ट्रंक उचलून नेतो आणि पिशवी नाल्यात भिरकावतो. पण त्या पिशवीवाचून पोराचा प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती अडते. श्रीमंताच्या घरी चोरी झाली तर त्याचा दागिना जातो, आपल्या घरी झाली तर मुलाचे एक वर्ष जाते.

म्हणून या आठवड्यात आम्ही दाराखिडकीच्या चौकटीवर बसणाऱ्या धोक्याच्या घंटीविषयी लिहीत आहोत. बाजारात तिला डोअर अलार्म किंवा दरवाजाचा सेन्सर म्हणतात. ही श्रीमंतांचीच वस्तू आहे, असा समज आता सोडून द्यायला हवा. साधी घंटी काही शे रुपयांत येते आणि एक स्क्रू-ड्रायव्हर हाती असला तर घरची बाईसुद्धा ती बसवू शकते.

चाळ गेली, ब्लॉक आला

चाळीत राहणाऱ्यांना घंटीची गरज फारशी कधी भासली नाही, कारण तिथे दारे दिवसभर उघडीच असत. गॅलरीतून कोण आले, कोण गेले, हे दहा डोळ्यांना दिसे. समोरच्या खोलीतली आजी हाच सगळ्या मजल्याचा पहारा! आता दिवस पालटले. मुंबईतल्या बीडीडी चाळींचेच पाहा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. हक्काचे, मोठे घर मिळाले, याचा आनंद मोठाच आहे. पण उंच इमारतीत दार लावून घेण्याची रीत असते. शेजारच्या घरात काय चालले आहे, हे भिंतीपलीकडे कळत नाही. गॅलरीतली आजी आता बाराव्या मजल्यावर बंद दाराआड बसलेली असते.

जे झोपडपट्टीत राहतात त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे शेजार आहे, पण दार पत्र्याचे आणि भिंत पातळ. नवराबायको दोघे कामावर, मुले शाळेत, आणि दुपारी गल्लीत शुकशुकाट. शिवाय ६ डिसेंबरला किंवा दीक्षाभूमीच्या सोहळ्याला सगळी गल्लीच घराबाहेर असते. त्या दोन-तीन दिवसांत कुलूप पाहून कोणीही ओळखतो, की आत माणूस नाही.

ही युक्ती आली कुठून?

विजेच्या धोक्याच्या घंटीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या सॉमरव्हिल गावी ऑगस्टस रसेल पोप नावाचे गृहस्थ राहत. त्यांनी १८५३ साली अशा घंटीचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे वर्तुळ पुरे होई आणि घंटा वाजू लागे. चोराने दार परत लोटले तरी घंटा चालूच राही. पुढे एडविन होम्स या व्यापाऱ्याने हे हक्क विकत घेऊन त्यावर धंदा उभा केला. अर्थात ही घंटी वाजे ती धनिकांच्या बंगल्यांत.

कष्टकरी माणसाच्या गरजेतून आलेली कहाणी शंभर वर्षांनंतरची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा निरनिराळ्या. रात्री-अपरात्री ती घरी एकटी असे. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलावले तरी पोलीस लवकर येत नसत. दारावर थाप पडली की पलीकडे कोण आहे, हे उघडल्याशिवाय कळायचे कसे? तिचा नवरा अल्बर्ट विजेच्या उपकरणांचा कारागीर होता. दोघांनी मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि मदत मागवायचे बटण अशी योजना आखली. १९६६ साली त्यांनी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. आज घरोघर दिसणाऱ्या दारावरच्या कॅमेऱ्यांच्या इतिहासात या परिचारिकेचे नाव आदराने घेतले जाते. रात्रपाळी करणाऱ्या आपल्या भगिनींना तिची भीती वेगळी समजावून सांगायला नको. भीतीवर रडत न बसता तिने उपाय शोधला, हे मात्र मुलींना जरूर सांगावे.

आत असते काय?

हा सेन्सर दोन तुकड्यांचा असतो. लहान तुकड्यात नुसता लोहचुंबक असतो. मोठ्या तुकड्यात बहुधा काचेची एक बारीक नळी असते आणि तिच्यात लोखंडी धातूच्या दोन पातळ पट्ट्या. याला रीड स्विच म्हणतात. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली तो शोधून काढला. चुंबक जवळ असला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. दार बंद म्हणजे चुंबक जवळ, दार उघडले म्हणजे चुंबक दूर. तेवढ्यावरून यंत्राला कळते आणि ते ओरडू लागते. यात जादू काही नाही.

हे कळले की त्याची मर्यादाही कळते. दार किंवा खिडकी उघडली एवढेच त्याला समजते. कोणी काच फोडून हात आत घातला, पत्रा वाकवला, पण पल्ला जागचा हलवला नाही, तर तो गप्पच राहील. म्हणून घंटी हा कडीकोयंड्याला पर्याय नव्हे. आधी दार मजबूत करा, मग घंटी घ्या. कोयंडा अर्धा इंची स्क्रूने बसवलेला असेल तर पहारीच्या एका हिसक्यात निघतो. ते स्क्रू काढून चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू घाला, नाहीतर आरपार बोल्ट घालून आतून नट आवळा. हा खर्च घंटीपेक्षाही कमी आहे.

कोणता घ्यावा?

पहिला प्रकार सुटसुटीत घंटीचा. सेन्सर, भोंगा आणि बॅटरी सगळे एकाच डबीत. वायर नको, फोन नको. एक-दोन खोल्यांच्या घराला हाच बरा.

दुसरा प्रकार फोनवर निरोप पाठवणारा. त्याला घरात वाय-फाय लागते. यातल्या बऱ्याच सेन्सरना स्वतःचा भोंगा नसतो, आणि वीज गेली की वाय-फायचा डबा बंद पडतो, म्हणजे निरोपही बंद. वारंवार वीज जाणाऱ्या वस्तीत केवळ त्याच्यावर विसंबू नये.

तिसरा प्रकार वायरचा. सगळ्या दाराखिडक्यांच्या वायरी एका पेटीत येतात, पेटीला बॅटरी असते आणि बाहेर मोठा भोंगा. नीट जोडला असेल तर वायर कापली तरी तो वाजतो. घराला हा जड पडेल, पण वस्तीतले वाचनालय, संगणक ठेवलेली अभ्यासिका किंवा विहार यांना वर्गणी काढून तो बसवता येईल.

कुठे आणि कसा बसवावा?

पहिला मान मुख्य दाराचा. मग गॅलरीतून, जिन्यातून, शेजारच्या पत्र्यावरून किंवा सांडपाण्याच्या पाईपावरून जिथे हात पोहोचतो त्या खिडक्यांचा. न्हाणीघराची मागची खिडकी विसरू नका. पक्की जाळी बसवलेली खिडकी शेवटी घेतली तरी चालेल.

सेन्सर नेहमी आतल्या बाजूने बसवायचा. भोंग्याचा मोठा तुकडा शक्यतो न हलणाऱ्या चौकटीवर आणि चुंबकाचा लहान तुकडा उघडणाऱ्या पल्ल्यावर, म्हणजे दार आपटल्याचे हिसके यंत्राला बसत नाहीत. बिजागरीच्या बाजूला लावू नये. तिथे दार बरेच उघडेपर्यंत चुंबक फारसा दूर जात नाही. बिजागरीच्या विरुद्ध टोकाला, वरच्या कोपऱ्यात लावावा. तिथे लहान मुलांचा हातही पोहोचत नाही.

दोन्ही तुकड्यांवर खुणेची रेघ किंवा बाण असतो. दार बंद असताना त्या खुणा समोरासमोर याव्यात. मधली फट खोक्यावर लिहिली असेल तेवढीच ठेवावी. साध्या घंटीला ती एक सेंटीमीटरच्या आत असलेली बरी. पल्ला आणि चौकट एका पातळीत नसतील तर जो भाग खाली आहे तिथे प्लायवूडची पट्टी घालून उंची सारखी करावी.

लाकडी चौकटीचे काम सर्वांत सोपे. तेलकटपणा आणि धूळ पुसून, कोरडे करून दुहेरी चिकटपट्टी दाबून बसवावी. पट्टीला पुरी पकड यायला एक दिवस लागतो, तोवर दार आपटू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीवर तेलाचा थर असतो, रंगाचे पोपडे सुटलेले असतात. तिथे चिकटपट्टीचा भरवसा नाही, छोटे स्क्रूच घालावेत. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू पिळला तर लाकूड फाटत नाही.

लोखंडी चौकट आणि पत्र्याचे दार यांना वेगळी काळजी लागते. चुंबकाची ओढ लोखंडात मुरते आणि सेन्सरपर्यंत कमी पोहोचते. दार बंद असूनही घंटी वाजते, आणि लोक "माल बोगस निघाला" म्हणून तो फेकून देतात. माल चांगलाच असतो. दोन्ही तुकड्यांखाली लाकडाची किंवा प्लास्टिकची अर्धा इंच जाडीची पट्टी ठेवा, म्हणजे ते लोखंडापासून सुटतील. फटही जेवढी कमी ठेवता येईल तेवढी ठेवा. एवढ्यावर भागले नाही तर दुकानात लोखंडी दारासाठीचा, जास्त ताकदीच्या चुंबकाचा सेन्सर मागावा.

नव्या इमारतीत सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या असतात. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाची ओढ खात नाही, त्यामुळे पट्टीची गरज नाही. मोठा तुकडा बाजूच्या उभ्या चौकटीवर आणि चुंबक सरकत्या पल्ल्याच्या उभ्या पट्टीवर लावा. पण तिथे दोन्ही पल्ले सरकतात हे ध्यानात ठेवा. दोन बाजूंना दोन सेन्सर लावा, नाहीतर एका पल्ल्याच्या रुळात मापाची काठी कापून आडवी ठेवा, म्हणजे तो सरकणारच नाही. काठी आतून चटकन काढता आली पाहिजे. खालच्या रुळात भोके पाडू नयेत, पावसाचे पाणी आत येते. काचेजवळ ड्रिल तर मुळीच चालवू नये.

उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवून झोपणे होत नाही. त्यावर उपाय आहे. खिडकी जेवढी उघडी ठेवायची तेवढी, म्हणजे चारएक बोटे, उघडा आणि त्या जागी सेन्सरच्या समोर येईल असा दुसरा चुंबक पल्ल्यावर चिकटवा. खिडकी तिथे आणून मग घंटी चालू करायची. त्याहून जास्त सरकली की ती बोंब मारेल.

बसवल्यावर

बसवून झाले म्हणजे काम झाले असे नाही. दार दहा वेळा उघडून-लावून पाहा. मग घंटी चालू करून दार लावून घ्या आणि शेजाऱ्याला विचारा, "दादा, तुमच्या घरात टीव्ही चालू असताना आवाज येतो का?" येत नसेल तर अशा घंटीचा उपयोग फक्त चोराचे कान दुखवण्यापुरता! मोठ्या आवाजाची घ्या, किंवा दाराच्या फटीजवळ बसवा.

पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीत नीट बसत नाही, फट वाढते आणि घंटी विनाकारण वाजू लागते. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा ती तपासून जागा सारखी करावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकदा वाजवून पाहावी. आवाज बारीक झाला की सेल बदलावेत. चार वेळा खोटी वाजली तर पाचव्या वेळी शेजारी उठणार नाहीत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती आपल्यालाही लागू आहे.

एक गोष्ट बजावून सांगतो. या घंटीत बहुधा बटणासारखे चपटे सेल असतात. लहान मूल ते गोळी समजून गिळते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलीच घंटी घ्या आणि जुने सेल लगेच दूर टाका. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत, उलटी काढत बसू नका, तडक मोठ्या इस्पितळात न्या.

घंटीचा उपयोग केवळ चोरासाठी नाही. बऱ्याच घंट्यांना "टिंग-टाँग" असा हलका आवाज करण्याचीही सोय असते. घरात विस्मरणाचा आजार झालेले आजोबा असतील आणि रात्री दार उघडून बाहेर जात असतील, तर तेवढ्या आवाजाने सून जागी होते. शाळेतून आलेली मुले घरी एकटी असतील तर दार उघडल्याचे मोठ्या बहिणीला कळते.

वाजली तर कोण येणार?

सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. यंत्र ओरडते, धावून मात्र माणसालाच यावे लागते. म्हणून घंटी बसवाल त्या दिवशी मजल्यावरच्या, गल्लीतल्या चार घरांना सांगा. गावी जाताना कोणा एकाकडे चावी आणि फोन नंबर ठेवा. घंटी वाजली तर एकट्याने आत शिरायचे नाही, दोघा-चौघांनी मिळून आवाज द्यायचा आणि ११२ क्रमांक फिरवायचा, हे ठरवून ठेवा. चाळीतल्या आजीचा पहारा आपण गमावला आहे, तो अशा ठरावाने परत उभा करता येतो.

चोरी झालीच तर फिर्याद नोंदवायला कचरू नका. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. राहत्या घरातील चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. फिर्यादीत प्रत्येक दाखल्याचे नाव लिहून घ्या. दुसरी प्रत काढताना त्याचा उपयोग होतो. मूळ कागद पैशांच्या ट्रंकेत न ठेवता वेगळे ठेवा आणि प्रत्येकाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. फोटो मूळ दाखल्याच्या जागी चालत नाही, पण त्यावरचा क्रमांक आणि तारीख हाती असली की कचेरीतल्या खेपा कमी होतात.

शेवटी घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. मोठ्या घरात वस्तू हरवली की पहिले बोट कामवालीकडे जाते, हा अनुभव किती जणींनी घेतला असेल! त्या घरात आकडा दाबून बंद करायची घंटी असेल आणि मालकीणबाई तुम्हाला चावी देत असतील, तर "माझा आकडा वेगळा द्या, ताई" असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. बऱ्याच यंत्रांत प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो आणि कोण किती वाजता आले-गेले याची नोंद राहते. सगळ्यांचा आकडा एकच असला तर संशय तुमच्यावर. वेगळा असला तर ती नोंदच तुमची साक्ष. चौकटीवरची ती डबी मालकाचे घर राखते तशी तुमची अब्रूही राखू शकते.

येत्या रविवारी आपल्या दाराचा कोयंडा एकदा हलवून पाहा. तो हलला, तर कामाची सुरुवात तिथूनच करा.